चौदा वर्षांच्या भाच्याबरोबर गॅलिपोली

"तुर्कस्तानला गेलात आणि बलूनमध्ये बसला नाहीत?" परत आल्यापासून हा प्रश्न मला निदान वीसजणांनी विचारलाय. नाही बसलो. कप्पादोकिया नाही, पामुक्कले नाही. हातात होते ते आठ दिवस, त्यातले चार आम्ही चानक्कले आणि त्याच्या समोरच्या, पहिल्या महायुद्धातल्या लढाईच्या गॅलिपोली द्वीपकल्पात घालवले. कारण माझा भाचा.

ताई मेलबर्नला राहते, आम्ही साताऱ्याला. दर दोन वर्षांनी तीच इकडं येते. या वेळी म्हणाली, "तू थोडा पुढं ये, मी थोडी मागं येते, मधे कुठंतरी भेटू." मेलबर्न आणि सातारा यांच्या मधे इस्तंबूल कसं येतं, हे भूगोलाच्या मास्तरांनी विचारू नये. तिकडं शाळांना सप्टेंबरअखेर दोन आठवडे सुट्टी असते, आम्हाला तिकिटं त्याच सुमारास परवडणारी मिळाली. परवडणारी मिळाली ती का, ते आईनं लगेच सांगितलं, "पितृपंधरवड्यात कोण जातंय फिरायला?"

भाच्याची अट एकच होती. शाळेत त्यांना जिम मार्टिन नावाच्या मुलाबद्दल शिकवलं होतं. त्याचं नाव जिथं कोरलंय तिथं जायचं, बाकी मशिदी-बाजार तुम्ही म्हणाल तितके बघतो.

जेम्स चार्ल्स मार्टिन. घरचे जिम म्हणायचे. जन्म ३ जानेवारी १९०१, न्यू साउथ वेल्समधल्या टोकमवालचा. पुढं कुटुंब मेलबर्नच्या हॉथॉर्न भागात आलं. पाच बहिणींमधला एकटा भाऊ. मॅनिंगट्री रोडच्या सरकारी शाळेत शिकला, मग शेतावर कामाला लागला. १२ एप्रिल १९१५ ला वय अठरा सांगून सैन्यात भरती झाला आणि २१ व्या बटालियनचा शिपाई म्हणून गॅलिपोलीला गेला. पहिल्या महायुद्धात मेलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांत तो सर्वांत लहान मानला जातो. गेला तेव्हा चौदा वर्षं नऊ महिन्यांचा होता.

ताईच्या घरापासून हॉथॉर्न ट्रॅमनं काही स्टॉपवर. भाचा सायकलवरून ती शाळा बघून आलेला.

पहिला दिवस : इस्तंबूल ते चानक्कले

इस्तंबूलच्या बसअड्ड्याबद्दल लिहीत नाही. मोठा आहे, गोंगाट आहे, बस मिळाली. बसमध्ये मात्र एक गंमत. निघाल्यावर एक पोऱ्या बाटली घेऊन आला आणि प्रत्येकाच्या तळहातावर लिंबाच्या वासाचं कोलोन ओतत गेला. लग्नात दारात गुलाबपाणी शिंपडतात तशातला प्रकार. बायकोनं दोनदा हात पुढं केला.

पूर्वी या रस्त्यानं आलात की डार्डनेल्सची सामुद्रधुनी ओलांडायला फेरीबोट धरायला लागायची. आता पूल आहे, मार्च २०२२ मध्ये उघडलेला. नावच '१९१५ चानक्कले पूल'. दोन मनोऱ्यांमधलं अंतर बरोबर २०२३ मीटर, कारण २०२३ ला प्रजासत्ताकाची शंभर वर्षं झाली. मनोऱ्यांची उंची ३१८ मीटर, कारण १८ मार्चचा, म्हणजे तिसऱ्या महिन्यातल्या अठरा तारखेचा, १९१५ मधला शत्रूच्या आरमारावरचा विजय. इंजिनिअरिंगमध्ये तारखा घुसवण्यात हे लोक आपल्याही पुढं आहेत.

चानक्कलेत आम्ही बंदराजवळच्या एका पेन्शनमध्ये उतरलो. पेन्शन म्हणजे घरगुती लॉज. मालक साठीचे, मिशाळ, इंग्रजी बेताचं, आणि फोनवरच्या भाषांतराच्या ॲपवर अफाट विश्वास. आल्या आल्या चहा. डुगडुगत्या काचेच्या छोट्या पेल्यात, दुधाशिवाय. मी दूध मागितल्यावर त्यांनी माझ्याकडं आजारी माणसाकडं बघावं तसं बघितलं.

जेवताना शब्दांचा खेळ सुरू झाला. बिलाला 'हेसाप', म्हणजे आपला हिशेब. टिपेला 'बाहशिश'. आगाऊ पैशाला 'पेशिन', आपली पेशगी. दुकानाला 'दुक्क्यान', हवेला 'हावा'. बायकोनं रुमालावर यादी करायला घेतली. त्या यादीजोगा आणखी एक शब्द उद्या-परवा भेटणार होता, तो तेव्हा माहीत नव्हता.

*जाणाऱ्यांसाठी :* पासपोर्टवर शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. नसेल तर स्टिकर व्हिसासाठी आधीपासून तयारीला लागा. आणि अठराच्या आतलं मूल एकाच पालकाबरोबर येणार असेल तर दुसऱ्या पालकाचं सहीशिक्क्याचं संमतीपत्र जवळ ठेवा. दाजींना सुट्टी मिळाली नाही म्हणून ताईनं ते करून आणलं होतं. येताना कुणी विचारलं नाही. "उगाच नोटरीचे पैसे घातले," ताई म्हणाली.

दुसरा दिवस : बूट, सुरुंग आणि पंधराचे

दिवस सुरू झाला तो भाच्याच्या बुटानं. डाव्या पायाचा सोल पुढून उघडून मगरीसारखा जबडा वासून बसलेला. "माझी बूट तुटली," भाचा म्हणाला. त्याच्या मराठीत बूट बाईमाणूस आहे. ताई चिडली, कारण हे बूट जूनमध्ये घेतलेले. दुकानात पाय मोजला तर ४३ नंबर. जूनमध्ये ४१ होता. बूट तुटले नव्हते, पाय आतून बाहेर आले होते.

नव्या बुटात आम्ही किनाऱ्यावरच्या चिमेनलिक किल्ल्यात गेलो. तिथं नौदलाचं संग्रहालय आहे आणि 'नुसरत' या सुरुंग पेरणाऱ्या जहाजाची प्रतिकृती. जहाज कसलं, आपल्या रत्नागिरीच्या मोठ्या ट्रॉलरएवढं असेल. ८ मार्च १९१५ च्या पहाटे यानं एरेनकॉय उपसागरात २६ सुरुंग गुपचूप पेरले. दहा दिवसांनी ब्रिटिश-फ्रेंच आरमार सामुद्रधुनी फोडायला आलं, आणि त्या सुरुंगांच्या रांगेत 'बूव्हे', 'इर्रेझिस्टिबल' आणि 'ओशन' ही तीन मोठी युद्धजहाजं गेली. समुद्रातून जमत नाही म्हटल्यावर जमिनीवर फौज उतरवायचं ठरलं. २५ एप्रिलला ती उतरली. म्हणजे हॉथॉर्नमधला एक मुलगा इथवर येण्याचं एक टोक या एवढ्याशा बोटीला बांधलेलं आहे.

किनाऱ्यावर हॉलिवूडच्या चित्रपटासाठी बनवलेला ट्रॉयचा लाकडी घोडा उभा आहे. फोटो काढले. दुपारी पेयनिर हेलवासी खाल्ला. ताज्या अनसॉल्टेड चीजचा हलवा, वरून भाजून लालसर केलेला. शिरा आणि खरवस यांचं लग्न लावलं तर होणारं अपत्य. ताई पंधरवडा पाळत असल्यानं कांदासुद्धा खात नव्हती, तिनं जेवणाऐवजी हाच दोन प्लेट खाल्ला.

संध्याकाळी पेन्शनच्या ओट्यावर मालकांनी भाच्याला विचारलं, किती वर्षांचा? कशाला आलात इकडं? भाच्यानं जिमचं सांगितलं. ॲपनं काय भाषांतर केलं देव जाणे, पण मालक एकदम गंभीर झाले. म्हणाले, "ओनबेशली."

ओन बेश म्हणजे पंधरा. ओनबेशली म्हणजे पंधराचे. आम्हाला वाटलं वय. तर तसं नाही, जन्मसाल. उस्मानी काळातल्या रुमी कालगणनेचं १३१५ वं साल, आपल्या हिशेबानं १८९९. त्या साली जन्मलेल्या पोरांना या महायुद्धात सैन्यात बोलावलं, तेव्हा ती पंधरा-सोळाची होती. त्यांच्यावर एक लोकगीत आहे, तुर्कस्तानात लहानथोर सगळ्यांना येतं. मालकांनी दोन ओळी गुणगुणून दाखवल्या. चाल उडती, लग्नात नाचावं अशी. "लग्नात नाचतातसुद्धा," ते म्हणाले. त्यांच्या आजोबांचा एक भाऊ त्या पंधराच्यांतला. घरात फोटो नाही, थडगं नाही, गाणं तेवढं आहे.

"म्हणजे पलीकडच्या खंदकातपण माझ्या वर्गातलीच मुलं?" भाच्यानं विचारलं. मालकांनी ॲप बाजूला ठेवून मान हलवली.

तिसरा दिवस : अँझॅक

सकाळी सातला व्हॅन येणार होती. पैसे 'पेशिन' भरलेले. साडेसात झाले, आठ झाले. फोन बंद. कुठल्या टूरवाल्यानं हे केलं ते लिहीत नाही, पण आमचे पैसे अजून परत आलेले नाहीत. सव्वाआठला मालक बाहेर आले, आमचे चेहरे बघितले, आत जाऊन बायकोला काहीतरी सांगितलं आणि किल्ली फिरवत आले. त्यांची जुनी रेनो गाडी. मागच्या सीटवर टोमॅटोची क्रेट होती, ती डिकीत गेली. त्या दिवसाचं सोनं झालं ते त्या न आलेल्या व्हॅनमुळं.

फेरीबोटीनं एजेआबातला उतरायला अर्धा तास. वरच्या डेकवर वारा असा की बोलणं ऐकू येईना. समोर किलितबाहिरच्या डोंगरउतारावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं दिसतं, बंदूक घेतलेला सैनिक आणि ज्योत, आणि शब्द : 'थांब, वाटसरू'. भाचा रेलिंगला ओणवून पाण्याकडं बघत होता. मला म्हणाला, "मामा, तू किती वेळ पोहू शकतोस?" कृष्णेत पोहायला शिकलोय, म्हटलं अर्धा तास सहज. "तो चार तास होता."

जिमची बटालियन इजिप्तहून 'साउथलँड' नावाच्या जहाजानं निघाली होती. २ सप्टेंबर १९१५ ला लेमनॉस बेटाजवळ जर्मन पाणबुडीनं टॉर्पेडो मारला. जिम सुमारे चार तास पाण्यात होता, मग कुणीतरी त्याला उचललं. पाण्यातून बाहेर काढलेल्या त्या पोराला तिथं कुणीही विचारू शकलं असतं, बाळा, खरं वय काय? विचारलं असेलही. त्यानं अठराच सांगितलं असणार. ८ सप्टेंबरला तो अँझॅक कोव्हच्या, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या फौजेवरून नाव पडलेल्या छोट्या उपसागराच्या, धक्क्यावर उतरला.

अँझॅक कोव्ह बघून पहिली प्रतिक्रिया : एवढंसंच? गणपतीपुळ्याचा किनारा याच्यासमोर चौपाटी वाटावा. अरुंद, गोट्यांचा, जेमतेम अर्धा-पाऊण किलोमीटर लांब, आणि पाठीला एकदम डोंगर. मातीचे कडे, ओघळी, काटेरी झुडपं. एका सुळक्याला सैनिकांनी 'स्फिंक्स' नाव दिलं, कारण ते नुकतेच इजिप्तमधून आलेले. समोर निळंशार पाणी आणि क्षितिजावर इम्रोज बेट. डिसेंबरात माघार घेईपर्यंत आठ महिने हजारो माणसं या डोंगराला चिकटून राहिली.

भाच्यानं बूट काढले, चपटे गोटे शोधले आणि पाण्यावर भाकऱ्या काढायला लागला. ताई ओरडली, "अरे, ही काय जागा आहे का?" मालकांनी तिला हातानं थांबवलं. वाकले, एक गोटा उचलला आणि साठीच्या मानानं चांगल्या सहा भाकऱ्या काढल्या. भाच्याच्या जास्तीत जास्त चार. इथंच सैनिक आंघोळीला उतरायचे, वरून तोफगोळे पडत असताना. उवा आणि घाण यांच्यापुढं गोळे परवडले.

किनाऱ्यालगतच्या बीच सिमेटरीत जॉन सिम्पसन कर्कपॅट्रिकची कबर आहे. गाढवावर घालून जखमींना खाली आणणारा बावीस वर्षांचा स्ट्रेचरवाला, १९ मे १९१५ ला गेला. ऑस्ट्रेलियातल्या प्रत्येक पोराला हा माहीत असतो. मला माहीत नव्हतं ते असं की त्याचा मुक्काम असायचा भारतीय पहाडी तोफखान्याच्या लोकांजवळ. या किनाऱ्यावर पहिल्या दिवसापासून आपली माणसं होती : डोंगरावर चढवायच्या सुट्या भागांच्या तोफा, आणि खेचरांचे तांडे. वरच्या खंदकांपर्यंत पाणी आणि दारूगोळा या खेचरांवरूनच जायचा. डबाबंद मांस आणि दगडासारखी बिस्किटं खाऊन कंटाळलेले ऑस्ट्रेलियन पोरगे भारतीयांच्या चुलीपाशी चपातीच्या आशेनं यायचे. भाचा म्हणाला, "आमच्या पुस्तकात गाढव आहे, चपाती नाही."

मग लोन पाइन.

वर पठारावर, समुद्राकडं तोंड करून. ६ ते १० ऑगस्ट १९१५ या चार-पाच दिवसांत इथं दोन हजारांहून जास्त ऑस्ट्रेलियन मेले किंवा जखमी झाले, तुर्कांचे त्याहून कितीतरी अधिक. सात व्हिक्टोरिया क्रॉस शौर्यपदकं एवढ्या एका जागेवर. नाव पडलं ते इथं उभ्या असलेल्या एकुलत्या एका पाइनवरून. ते झाड लढाईत गेलं, आता कबरींच्या मधोमध नंतर लावलेलं एक आहे. कबरींचे दगड उभे नाहीत, उशीसारखे जमिनीलगत तिरके. रोझमेरीची झुडपं, कातरलेलं गवत, आणि कुठं आवाज नाही. आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय एक माळी होता आणि एक मांजर.

पण जिमला इथं कबर नाही. त्याला खंदकातच टायफॉइड झाला. लढाईचा मोठा जोर ऑगस्टमध्येच ओसरला होता, त्याची बटालियन आली तेव्हा आघाडी बऱ्यापैकी शांत होती. शांत म्हणजे माशा, संडासाचे उघडे खड्डे, अपुरं पाणी. घरी लिहिलेल्या पत्रात त्यानं, माझी काळजी करू नका, मी इथं झकास आहे, असं कळवलं होतं. घरून आलेलं एकही पत्र त्याला मिळालेलं नव्हतं, याची तक्रारही होती. २५ ऑक्टोबरला त्याला 'ग्लेनार्ट कॅसल' या इस्पितळ-जहाजावर नेलं. जहाजावरच्या मेट्रननं नंतर त्याच्या आईला कळवलं, की त्याच्यासाठी केलेल्या सगळ्याबद्दल त्यानं आभार मानले, आता बरं वाटतंय म्हणाला आणि झोपायला म्हणून कुशीवर झाला. त्याच संध्याकाळी हृदय बंद पडलं. समुद्रात दफन केलं. ज्यांना थडगं नाही किंवा ज्यांना समुद्राच्या स्वाधीन केलं, अशा सुमारे ४,९०० जणांची नावं लोन पाइनच्या भिंतींवर आहेत, त्यात तो.

नाव शोधायला वेळ लागला. नावं आडनावाच्या क्रमानं असतील असं धरून आम्ही चौघं चार दिशांना गेलो आणि चुकलो. आधी बटालियन, मग हुद्दा, मग आडनाव. हे भाच्याच्या लक्षात आलं. २१ वी बटालियन, प्रायव्हेट, एम. तो बोट भिंतीला न लावता, हवेतच वरून खाली आणत गेला आणि थांबला. "मार्टिन जे. सी."

बस. एवढंच. वर एक नाव, खाली एक नाव, सगळ्यांची अक्षरं एका मापाची. मी त्या नावाशेजारी काहीतरी असेल असं उगाच धरून चाललो होतो. भिंतीवर वय नसतं. माहीत नसेल तर नजर त्याच्यावरून सरकून पुढं जाईल.

ताई म्हणाली, "तिनं सही केली रे." जिमची आई, अमेलिया. बापानं आधी स्वतः भरतीचा प्रयत्न केला होता, त्याला नाकारलं. मग पोरानं धरलं. आईनं नाही म्हटल्यावर म्हणाला, दुसऱ्या नावानं भरती होईन आणि तुला कधीच पत्र लिहिणार नाही. म्हणून तिनं कागदावर सही दिली. निदान पत्र तरी येईल.

"तू असं म्हणालास तर मी काय करीन माहितीय?"

"वायफाय बंद करशील," भाचा म्हणाला.

ताई हसली नाही. तिनं त्याच्या बुटाची सुटलेली नाडी दाखवली. तो वाकला.

बायको हळू आवाजात म्हणाली, ज्यांची तिथी माहीत नसते त्यांचं सर्वपित्रीला करतात, परवा-तेरवा आलीच ती. भाचा नाडी बांधता बांधता म्हणाला, "मामी, डेट माहीत आहे. पंचवीस ऑक्टोबर."

बाहेर रस्त्याच्या एका बाजूला ऑस्ट्रेलियन खंदकांच्या खुणा, दुसऱ्या बाजूला तुर्की. आजचा डांबरी रस्ता हीच मधली जागा. मालकांनी मोजून दाखवलं, त्यांची वीस पावलं. त्यांनी डिकीतले टोमॅटो काढले, पाव आणि एझिनेचं पांढरं चीज. गाडीच्या बॉनेटवर जेवण झालं. टोमॅटो असा की बारामतीवाल्यांनी माफ करावं, पण असा मी खाल्ला नव्हता.

पुढं तुर्कांच्या ५७ व्या रेजिमेंटचं स्मारक. तुर्की माणसांची गर्दी तिथं. कमानीवरचा शब्द मालकांनी वाचला, 'शेहित'. बायकोनं माझ्याकडं बघितलं. शहीद. रुमालावरच्या यादीत तिनं तो लिहिला नाही.

चुनुक बैरला पोचेस्तोवर आभाळ भरून आलं आणि पाऊस कोसळला. तुर्की सेनानी मुस्तफा केमाल, म्हणजे पुढचा अतातुर्क, याच्या खिशातल्या घड्याळावर गोळ्याचा तुकडा आपटून तो वाचला ती ही जागा. वरून सामुद्रधुनीचं पाणी दिसतं म्हणतात. आम्हाला वायपर दिसला.

*जाणाऱ्यांसाठी :* अँझॅक भागात दुकान, हॉटेल असं काही नाही. पाणी आणि खाणं एजेआबातहून न्या. नावाच्या शोधात जाणार असाल तर युनिट लिहून न्या, आमची चाळीस मिनिटं वाचली असती. २५ एप्रिलच्या आसपास जाऊ नका, तेव्हा हजारोंची गर्दी असते. सप्टेंबरअखेर उत्तम, पण छत्री ठेवा.

चौथा दिवस : हेल्स

ही माझी अट होती. द्वीपकल्पाच्या टोकावर हेल्सचं ब्रिटिश स्मारक आहे, तीस मीटरच्या वर उंच दगडी खांब, भोवती वीस हजारांहून जास्त नावं. त्यात भारतीय सैन्याची. मालक आजही आले, पेट्रोलचे पैसे घ्यायला तयार होईनात. शेवटी बायकोनं त्यांच्या बायकोच्या हातात साताऱ्याहून नेलेले कंदी पेढे ठेवले, तेव्हा हेसाप मिटला.

१४ वी शीख, गुरखा पलटणी. सिंग, सिंग, सिंग, मग थापा, गुरुंग. ४ जून १९१५ ला इथल्या गली रॅव्हिनमध्ये १४ वी शीख पलटण एका दिवसात जवळपास संपली. सगळी मिळून पंधरा-सोळा हजार भारतीय गॅलिपोलीत होते.

मराठी नावं मी शोधली. मिळणार नव्हती, माहीत होतं. आपल्या मराठा पलटणी त्याच सुमाराला याच उस्मानी फौजेशी लढत होत्या, पण तिकडं खाली, इराकात. १०३ वी, ११० वी, ११७ वी. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर टायग्रिसच्या काठानं वर गेल्या, कुत गावात वेढ्यात अडकल्या, २९ एप्रिल १९१६ ला शरण गेल्या आणि कितीतरी माणसं कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत संपली. त्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. तिथल्या भिंतीवर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचा रेजिमेंटवार नुसता आकडा. आपल्याकडं गावोगावी चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते, इंग्रजीत : या गावातून इतकी माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेली, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. माझ्या आजोळी आहे. लहानपणी त्या पाटीखाली गोट्या खेळलोय. नावं नाहीतच. त्यातलं कोण चौदाचं होतं, कोण चाळीसचं, कसं कळणार?

भाचा म्हणाला, "मग त्यांना शोधायचं कसं?"

मी म्हटलं, अपशिंग्याला जाऊ पुढच्या वेळी. साताऱ्याजवळच आहे. घरटी फौजी असलेलं गाव, सगळे 'अपशिंगे मिलिटरी'च म्हणतात. तिथल्या म्हाताऱ्यांना विचारू. त्यानं फोनमध्ये लिहून घेतलं. स्पेलिंग विचारलं नाही.

पाचवा दिवस आणि परत

सकाळी ट्रॉय. दगड बरेच आहेत, ऊन फार होतं, मार्गदर्शक घ्या नाहीतर काही कळत नाही. निघताना मालकांनी भाच्याला एक चपटा गोटा दिला, अँझॅकच्या किनाऱ्यावरचा. ताईनं तो त्याच्या बॅगेतून काढून बंदरावरच पाण्यात टाकायला लावला, कारण एक तर अशा जागेवरून काही नेऊ नये आणि दुसरं म्हणजे ऑस्ट्रेलियाचे कस्टमवाले. भाच्यानं तो टाकला नाही, फेकला. पाच भाकऱ्या.

पुढचे दोन दिवस इस्तंबूलमध्ये सगळे बघतात ते बघितलं, आम्हीही. त्यावर लोकांनी भरपूर लिहिलंय.

ताईचं विमान आमच्या आधी होतं. काचेच्या अलीकडून आम्ही बघत होतो. पासपोर्टच्या खिडकीत बसलेल्या अधिकाऱ्यानं दोघांचे पासपोर्ट चाळले आणि काहीतरी विचारलं. ताईनं पर्समधून संमतीपत्र काढलं. आठ दिवसांत चार घड्या पडून ते मऊ झालं होतं. त्यानं ते उलगडून पूर्ण वाचलं, दाजींच्या सहीवर बोट ठेवलं, मग भाच्याला काचेजवळ बोलावून काहीतरी विचारलं. आवाज येत नव्हता. भाच्यानं एका हाताची चार बोटं दाखवली, मग गोंधळून दोन्ही हात वर केले आणि शेवटी तोंडानंच सांगितलं. अधिकारी हसला. शिक्का मारला.

ताई कागदाची घडी घालत होती, तोवर भाचा नव्या बुटांत पलीकडं जाऊन सिमितच्या, तिळाच्या गोल पावाच्या, गाडीपाशी रांगेत उभासुद्धा राहिला होता.